अठ्ठावीस असद

माझ्या लॅपटॉपमध्ये २०२२ सालची एक वर्ड फाईल आहे. तिच्या तिसऱ्या पानावर मी पिवळ्या रंगात एक वाक्य ठळक केलंय: ‘अर्जदाराच्या सांगण्यात तारखांची गंभीर विसंगती आहे.’ पुढच्या मसुद्यात ते वाक्य मी काढून टाकलं. पण ही जुनी प्रत मात्र डिलीट केलेली नाही. ती का ठेवलीय, ते सांगायला हा लेख.

पुण्यात एलएलबी झाल्यावर मी दिल्लीला गेले. निर्वासितांना मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नोकरी लागली होती. ऑफिस म्हणजे भोगलमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत आम्ही वकील. दुसऱ्या खोलीत एक मानसशास्त्रज्ञ बसायची, मूळची नागपूरची. मी तिला ताई म्हणायचे. तळघरात दर शनिवारी अफगाण मुलांचा गाण्याचा वर्ग भरायचा. सरोद शिकलेला एक दिल्लीकर मुलगा तो फुकट चालवायचा. मला तेव्हा वाटायचं की खरं काम आमच्या खोलीत चालतं. ताईचं काम म्हणजे जखमेवर फुंकर आणि तळघरातलं काम म्हणजे विरंगुळा.

आमच्या खोलीतलं काम काय, ते आधी सांगते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. काबूलहून जीव वाचवून आलेला माणूस आणि व्हिसा संपल्यावर इथेच रेंगाळणारा पर्यटक, दोघंही कायद्याच्या भाषेत ‘परदेशी नागरिक’. तेव्हा १९४६ चा कायदा होता, आता २०२५ चा आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तानचं नाव आहे, पण ते हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी, आणि तेही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. मग २०२१ नंतर आलेल्या अफगाण मुसलमानाने जायचं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेच्या दिल्ली कार्यालयात. तिथे मुलाखत होते, कधीकधी कित्येक तास चालते. तुझ्या जिवाला असलेली भीती साधार आहे का, हे त्यातून ठरतं. ठरलं तर कार्ड मिळतं. त्या कार्डावर आधार मिळत नाही, उघडपणे नोकरी करता येत नाही. तरी पोलिसाने रस्त्यात अडवलं तर खिशातून काढायला काहीतरी असतं.

या मुलाखतीची तयारी करून घेणं आणि अर्जदाराचं निवेदन लिहिणं हे माझं काम. निवेदन म्हणजे माणसाची गोष्ट, पण तारीखवार. आधी काय झालं, मग काय झालं, कोण हजर होतं. दोन वेळा सांगितलेली गोष्ट जुळली पाहिजे. नाही जुळली तर ‘विश्वासार्हता’ या शब्दावर सगळं अडतं.

त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण काबूलमध्ये त्यांचे भाऊ अजून आहेत. कोणत्या वाटेने ते दिल्लीला पोहोचले, तेही लिहीत नाही. वय पन्नाशीचं, सोबत चौदा वर्षांची मुलगी. काबूलमध्ये ते रबाब शिकवायचे. दिल्लीत एका अफगाण नानवाल्याकडे पहाटे चार वाजल्यापासून मैद्याची पोती उचलायचे.

पहिल्या भेटीत त्यांनीच मला विचारलं, गाव कोणतं? मी म्हटलं, मिरज. त्यांनी मान वर केली. “अब्दुल करीम ख़ाँसाहब का मिरज?”

मी हसून ‘हो’ म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. किराणा घराण्याचा मूळ गवई मिरजेला राहायचा, हे ठाऊक असलेला माणूस समोर बसलाय, याची नोंद मी कुठेच केली नाही. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

त्यांची अडचण अशी होती की त्यांच्याकडे पुरावा नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. घराघरात लोकांनी फोनमधले फोटो पुसले, प्रमाणपत्रं जाळली. उस्तादांनीही मैफलींचे व्हिडिओ, शिष्यांचे नंबर, सगळं पुसलं होतं. आणि घरातला रबाब नष्ट केला होता. मी वादक आहे म्हणून माझ्या जिवाला धोका आहे, हे सिद्ध करायचं, आणि जिवंत राहण्यासाठी नेमक्या त्याच गोष्टीचा मागमूस पुसायचा. आता हा पेच मला स्वच्छ दिसतो. तेव्हा मी फक्त विचारत होते: रबाब कधी नष्ट केलात?

पहिल्या भेटीत ते म्हणाले, २८ असदला. त्यांच्या सौर वर्षात महिन्यांना राशींची अरबी नावं आहेत. हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, असद म्हणजे सिंह. मला फार आनंद झाला. लहानपणी आजीने पंचांग बघायला शिकवलं होतं, सूर्य सिंह राशीत साधारण १७ ऑगस्टला जातो हे मला पाठ होतं. ऑनलाइन कन्व्हर्टर होते, पण मला राशी येतात ना! अठ्ठावीस दिवस मोजले आणि लिहिलं, १३ सप्टेंबर.

दुसऱ्या भेटीत ते म्हणाले, आशुराच्या दिवशी. मी फोनवर २०२१ ची सुट्ट्यांची यादी काढली. मोहरम, २० ऑगस्ट.

तिसऱ्या भेटीत त्यांनी ‘रोज़-ए-इस्तिक़लाल’ असं काहीतरी म्हटलं. दुभाषा मुलगा हिंदीत म्हणाला, स्वातंत्र्यदिनी. मी लिहिलं, १५ ऑगस्ट.

तीन भेटी, तीन तारखा. शिवाय एकदा ते म्हणाले, मी स्वतः तोडला. एकदा म्हणाले, भावाने तंदूरमध्ये घातला. मुलगी एकदा खोलीत होती, एकदा नव्हती. चौथ्या भेटीत माझा आवाज चढला. “तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत तर मी मदत कशी करणार?” दुभाष्याने ते भाषांतर करायला जरा वेळ घेतला. तो स्वतःही निर्वासितच होता. बहुधा त्याने वाक्य मऊ केलं असावं. पण उस्तादांना हिंदी चांगलं कळत होतं. ते उठले, दोन्ही हात छातीशी नेऊन झुकले आणि निघून गेले. त्या संध्याकाळी मी ते पिवळं वाक्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ताईने माझी प्रश्नांची वही मागितली. उस्ताद तिच्याकडेही येत होते. ते काय बोलतात, हे ती कधीच सांगायची नाही. वही चाळून ती म्हणाली, “अगं, यात ‘कधी’ किती वेळा आलंय ते मोज. आणि ‘आज झोप झाली का’ किती वेळा, तेही मोज.”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य होतं.

मग तिने मला एक अभ्यास दाखवला. २००२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बोस्निया आणि कोसोव्होच्या निर्वासितांची दोनदा मुलाखत घेतली. त्यांचा दर्जा आधीच ठरलेला होता, म्हणजे खोटं बोलून काही पदरात पडणार नव्हतं. तरी दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला. कडेकडेच्या तपशिलांत जास्त पडला. ज्यांच्या मनावरचा आघात तीव्र होता, त्यांच्या दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले. “मन काही रजिस्टर नाही,” ताई म्हणाली. “ज्या क्षणी जीव जातो असं वाटतं, तेव्हा माणूस घड्याळ बघत नाही.”

तिच्या टेबलावर दरी शब्दांची यादी असायची. केनेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काबूलमध्ये लोकांना त्यांच्याच शब्दांत त्रास विचारून एक प्रश्नावली बनवली होती, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डिप्रेशन’ विचारलं तर लोक नाही म्हणतात. ‘जिगर-खून’ विचारलं तर गप्प होतात, मग बोलायला लागतात. जिगर-खून म्हणजे आतून रक्ताळलेलं काळीज. शिवाय फिशार, म्हणजे दाब. तो चढला की माणूस चिडतो, फुटतो. उतरला की हातपाय गळतात. ताई म्हणाली, “आपण मटणवाल्याकडे कलेजी मागतो ना? तीच जिगर. आणि आपलं काळीजही मुळात तेच. दुःख कुठे होतं, याबद्दल आपलं आणि त्यांचं एकमत आहे. तू मात्र त्यांच्याशी कोर्टाच्या भाषेत बोलतेस.”

मी म्हटलं, मुलाखतही कोर्टाच्याच भाषेत होणार आहे. ती म्हणाली, “हो. म्हणून तर तिथे जायच्या आधी एक जागा अशी पाहिजे, जिथे ती भाषा नसेल.”

मी उस्तादांच्या घरी गेले. हौज रानीत चौथ्या मजल्यावरची एक खोली. त्यांनी माझा राग धरला होता की नाही, कळलं नाही. वेलचीचा हिरवा चहा आणि साखरेत घोळवलेले बदाम पुढे आले. मी माफी मागितली, पण ती मलाच अर्धवट वाटली. कारण मनात अजून तीन तारखा होत्या. शेवटी मी मुलीला विचारलं. ती वर्षभरात फर्ड हिंदी बोलायला लागली होती.

“दीदी, तीनों एक ही दिन है,” ती म्हणाली. अगदी सहज, जणू मी पाढा चुकले होते.

तिने फोनवर दाखवलं. २८ असद १४०० म्हणजे १९ ऑगस्ट २०२१. अफगाणिस्तानचा स्वातंत्र्यदिन १९ ऑगस्टला असतो. १९१९ साली तेही ब्रिटिशांच्याच वर्चस्वातून सुटले. आणि त्या वर्षी तिथे आशुराही १९ ऑगस्टलाच आली. चंद्र एक दिवस उशिरा दिसल्यामुळे आपल्याकडे ती वीस तारखेला. त्यांच्या राशी वसंत संपातापासून मोजतात, आजीच्या पंचांगातल्या निरयन. त्यांचा सिंह महिना २३ जुलैला लागतो, आपली सिंह संक्रांत सुमारे पंचवीस दिवसांनी येते. आणि जगात स्वातंत्र्यदिन फक्त १५ ऑगस्टलाच नसतो!

त्या माणसाने तीन वेळा एकच तारीख सांगितली होती. मी तीन वेळा ती चुकीची लिहिली होती.

रबाब नक्की कोणी नष्ट केला, हा प्रश्न उरलाच. मी मुलीकडे पाहिलं. तिने चहाचे पेले उचलले आणि आत गेली. उस्ताद तिच्या पाठीकडे बघत राहिले. ऑफिसात परतल्यावर मी ताईला म्हटलं, मला वाटतं तो त्या मुलीनेच... ताईने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “केससाठी तुला ते कळायची गरज आहे?” मी विचार केला. नव्हती. निवेदनात मी लिहिलं: ‘१९ ऑगस्ट २०२१ रोजी कुटुंबाने घरातलं वाद्य नष्ट केलं.’ एवढं पुरेसं होतं. आजपर्यंत मी ते विचारलेलं नाही.

आता कायद्याची बाजू उभी करायची होती. १९५१ च्या करारात छळाची पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. त्यात संगीत नाही. आम्ही मांडलं की अफगाणिस्तानातले वादक हा विशिष्ट सामाजिक गट आहे, आणि तालिबानच्या लेखी वाद्य वाजवणं हेच धर्माविरुद्धचं मत. १९९६ ते २००१ या त्यांच्या पहिल्या राजवटीत संगीतावर बंदी होती. २०२१ च्या ऑगस्टअखेर बाघलान प्रांतातल्या अंदराब खोऱ्यात लोकगायक फवाद अंदराबी यांना गोळी घातली गेली. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेचे संस्थापक अहमद सरमस्त २०१४ च्या आत्मघाती हल्ल्यात जबर जखमी झाले होते. २०२१ मध्ये त्यांची संस्थाच विद्यार्थ्यांसह देश सोडून पोर्तुगालला गेली. हे सगळं मी जोडलं. ताईने तिचा अहवाल जोडला. स्मरणात फरक का पडू शकतो, हे त्यात साध्या भाषेत होतं.

याच दिवसांत तळघरातल्या सरोदवाल्याने एक उद्योग केला. लाजपत नगरमधल्या एका अफगाण हॉटेलात भिंतीवर शोभेला रबाब टांगलेला होता. तारा गंजलेल्या, खुंट्या सैल. मालकाची विनवणी करून तो उतरवून घेतला, सरोदच्या तारा आणल्या आणि उस्तादांना निरोप धाडला. मला वाटलं, झालं! उस्ताद वाजवतील, आपण व्हिडिओ करू, अर्जाला जोडू. फोन चार्ज करून मी तळघरात गेले.

उस्तादांनी वाद्य मांडीवर घेतलं. तुतीच्या एका अखंड ओंडक्यातून कोरलेलं, तोंडावर बकरीचं कातडं. आपला सरोद याच घराण्यातला. त्यांनी कातड्यावर बोट वाजवून पाहिलं, चेहरा वाकडा केला. मग तारा चढवायला लागले. वाजवायच्या तीन, शेजारच्या षड्जाच्या, आणि खाली पंधराएक तरफेच्या. एक खुंटी पिळायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा पिळायची.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीवरून शाळेत जायचे. गाणं ऐकलं त्याहून जास्त मी सूर लावणं ऐकलंय. तयार होणाऱ्या तंबोऱ्याची तार वर चढते, किंचित पुढे जाते, मागे येते आणि एका जागी बसते. ती बसली की आजूबाजूची हवा बदलते. त्या तळघरात पाऊण तास तेच चाललं होतं. मुलं कंटाळून मोबाईल खेळायला लागली. शेवटी उस्तादांनी तरफेच्या तारांवरून एकदा जवा फिरवला. सरोदवाला दबक्या आवाजात म्हणाला, “भैरवी.” उस्ताद म्हणाले, “हम बैरमी कहते हैं।”

आणि त्यांनी रबाब खाली ठेवला. एवढंच. त्या दिवशी ते वाजवले नाहीत.

उस्तादांनी नंतर सांगितलं, काबूलच्या खराबात मोहल्ल्यात त्यांच्या गुरूंचं घर होतं. १८६० च्या दशकात अमीर शेर अली खानने हिंदुस्थानातून गवई-वादक नेऊन दरबारात ठेवले, त्यांच्या वंशजांची ती वस्ती. तिथले उस्ताद सराहंग पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँकडे शिकले. नव्वदच्या दशकातल्या यादवीत तो मोहल्ला उद्ध्वस्त झाला. हिंदुस्थानातून गेलेलं गाणं असं दीडशे वर्षांनी मैद्याची पोती उचलत परत आलं होतं, आणि आमच्या कायद्यात त्याला ‘परदेशी नागरिक’ म्हणत होते.

मी व्हिडिओ केलाच नव्हता. वाद्य जुळलं तेव्हा माझ्या मनातला उरलासुरला संशय गेला, हे खरं आहे. पण घरी जाताना मेट्रोत मला त्याचीच लाज वाटायला लागली. समजा, उस्तादांची बोटं पोती उचलून बधिर झाली असती आणि तार बेसूर लागली असती, तर? समजा, ते उत्तम वादक नसते, लग्नात ढोलक बडवणारे साधे कलाकार असते, तर? गोळी घालणारा कुठे आधी सूर तपासतो? मी मात्र तपासत होते. तारखा जुळल्या, सूर जुळला, तेव्हा कुठे मी विश्वास टाकला. ताईने आधी विश्वास टाकला होता, मग ऐकलं होतं. आणि सरोदवाल्याने तर काही विचारलंच नव्हतं. त्याने फक्त तारा आणून ठेवल्या होत्या.

मुलाखत झाली. निकालाला वर्षभर लागलं. कार्ड मिळालं. आम्ही मिठाई वाटली, पण कार्ड म्हणजे मुक्काम नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीतल्या अफगाण दूतावासाने कायमचं बंद होत असल्याचं जाहीर केलं. पासपोर्टचं नूतनीकरण कोणाकडे करायचं? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रम थांबवला, आणि तिकडे डोळे लावून बसलेली आमची कित्येक कुटुंबं जिथल्या तिथे राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत पाहुणे म्हणून आले. त्या आठवड्यात ताईच्या खोलीबाहेरची बाकं रिकामी नसायची. फिशार सगळ्यांचाच चढला होता.

उस्ताद दिल्लीतच आहेत. पहाटे नानवाल्याकडे, शनिवारी तळघरात. हॉटेलमालकाने रबाब परत मागितला नाही. आता ते वाजवतात, मुलांना शिकवतात, चुकलं की दरीत ओरडतात. एका वर्षी २० जूनला, जागतिक निर्वासित दिनाच्या कार्यक्रमात वाजवाल का, असं मी त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले. त्या दिवशी लोक निर्वासिताला ऐकायला येतात, म्हणाले. रबाब ऐकायचा असेल तर शनिवारी या. मुलगी रबाबाला हात लावत नाही. ती कोपऱ्यात बसून विज्ञानाचा अभ्यास करते, पण वर्ग सुटेपर्यंत थांबते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. हुशार आहे, माझ्यासारखीच घाईत असते. तिने विचारलं, अफगाण तारीख इंग्रजीत कशी करायची, कोणतं ॲप चांगलं? मी ॲपचं नाव सांगितलं. मग ती जुनी फाईल उघडून तिला तिसरं पान दाखवलं. आणि म्हटलं, ॲप वापरच, पण त्याआधी समोरच्याला विचार, त्या दिवशी काय होतं. आणि त्याच्याही आधी विचार, रात्री झोप लागली का.